दहा हजारांच्या आतली चांगली दुर्बीण

पावसाळा ओसरला की पक्षी पाहायला निघणाऱ्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: दुर्बीण कोणती घेऊ? हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावर, नांदूरमध्यमेश्वरला, ठाण्याच्या खाडीत पाहुणे पक्षी उतरतात. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर चिखलात पळणारी तुतारी आणि चिखल्या दोन्ही मातकट ठिपकेच वाटतात. नव्याने छंद लागलेला विद्यार्थी असो, शिक्षक असो की नुकतीच निवृत्त झालेली गृहस्थ मंडळी, या खरेदीसाठी बहुतेकांच्या हातात पाच, आठ, फार तर दहा हजार रुपये असतात. बाजारात मात्र हजार रुपयांपासून दोन-अडीच लाखांपर्यंत माल दिसतो आणि माणूस गोंधळून जातो. गोंधळण्याचं कारण नाही. दहा हजारांच्या आत वर्षानुवर्षं साथ देणारी दुर्बीण मिळते. फक्त पैसे चांगल्या काचेसाठी मोजायचे, खोक्यावरच्या मोठ्या आकड्यासाठी नाही.

या विषयाची माहिती शोधायला बसलं की निम्मीअधिक 'हंटिंग' या सदरात सापडते. त्याने बिचकू नये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण युरोप-अमेरिकेत शिकारी हा दुर्बिणींचा मोठा ग्राहक आहे आणि त्याची गरज आपल्यासारखीच असते. पहाटेच्या किंवा दिवेलागणीच्या अंधुक उजेडात झाडीतलं जनावर नीट ओळखायचं, तेही तासन्‌तास डोळे न शिणवता. ताडोबाच्या पाणवठ्यावर मचाणावर बसणाऱ्याला किंवा संध्याकाळी माळावर रातवा शोधणाऱ्याला हेच हवं असतं. त्यामुळे शिकाऱ्यांसाठी म्हणून विकली जाणारी दुर्बीण आपण खुशाल घ्यावी. तिच्यावरच्या झाडपाल्याच्या छपाईसाठी आणि आतल्या अंतरमापक खुणांसाठी मात्र जादा पैसे देऊ नयेत. आपल्या कामात त्यांचा उपयोग शून्य.

आता आकड्यांकडे वळू. प्रत्येक दुर्बिणीवर ८ × ४२, १० × ५० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसेल तो, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवख्या माणसाचं लक्ष पहिल्याच आकड्यावर खिळतं आणि आठपेक्षा दहा बरी, दहापेक्षा वीस बरी, असं त्याला वाटू लागतं. खरेदी फसते ती इथेच. पक्षी जितका मोठा दिसतो तितकाच हाताचा कंपही मोठा होतो. आठ पटीत हात बऱ्यापैकी स्थिर राहतो. दहा पटीत सराव लागतो, आणि बारा पटीच्या पुढे तिपाईशिवाय बारकावा दिसत नाही. शिवाय पट वाढली की दिसणारा पट्टा अरुंद होतो. साधारण आठ पटीच्या दुर्बिणीतून हजार मीटरवर सव्वाशे-एकशे चाळीस मीटर रुंदीचा भाग दिसतो, तर दहा पटीतून शंभर-सव्वाशे मीटरच्या आतबाहेर. पाण्यावर शांत बसलेल्या पट्टकादंबांच्या थव्यासाठी हा फरक जाणवणार नाही. पण कर्नाळ्याच्या किंवा फणसाडच्या रानात फांदीवरून फांदीवर उडणारा स्वर्गीय नर्तक दुर्बिणीत पकडायचा असेल तर रुंद पट्टाच कामी येतो. पहिली दुर्बीण आठ पटीचीच घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचं बहुतेक निरीक्षण धरणांच्या काठी किंवा उघड्या माळावर होतं, त्यांनी दहाचा विचार करायला हरकत नाही.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की आणखी एक उपयोगी आकडा हाती येतो. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. दुर्बिणीतून बाहेर पडून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या चकतीची ही रुंदी. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरएवढी आकसलेली असते, त्यामुळे दुपारी कोणत्याही दुर्बिणीतून बरंच दिसतं. दुकानदार दुर्बीण दाखवतो तीही बहुधा दुपारीच. अंधारू लागल्यावर बाहुली पाच-सहा, तरुणपणी सात मिलिमीटरपर्यंतही उघडते आणि तेव्हा १० × २५ ची खिशातली दुर्बीण तिला जेमतेम अडीच मिलिमीटर प्रकाश पुरवते. पिंगळा घुबड बाहेर पडण्याच्या वेळी तिच्यातून झाड काळंच दिसणार. वयाबरोबर बाहुलीचं उघडणंही कमी होत जातं. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्यांनी ७ × ५० सारख्या मोठ्या चकतीच्या दुर्बिणीमागे लागू नये. तो जादा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही, वजन मात्र मानेवर येतं. ८ × ४० किंवा ८ × ४२ सगळ्यांना मानवते.

याच भागाकाराने खोटा माल पकडता येतो. पर्यटनस्थळांवर आणि ऑनलाइन बाजारात '३० × ६०' असं ठसठशीत छापलेल्या तळहाताएवढ्या दुर्बिणी हजार-दीड हजाराला विकल्या जातात. खिशातली पट्टी काढून पुढचं भिंग मोजा. साठ मिलिमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर. या दुर्बिणींचं भिंग बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतं. मग दुर्बीण उजळ आकाशाकडे रोखून हात लांब करा. मागच्या काचेत एक तेजस्वी चकती दिसेल. तिच्यावर पट्टी धरून व्यास मोजा. भिंग ३५ मिलिमीटरचं आणि चकती साडेचारची भरली, तर ३५ भागिले साडेचार म्हणजे दुर्बिणीची पट आठसुद्धा नाही. ज्या वस्तूवर आकडाच खोटा छापलेला आहे, तिच्या काचेवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. लाल-नारिंगी चमकणाऱ्या 'रुबी' काचांची दुर्बीणही अशीच टाळावी. ती काच तांबडा प्रकाश परतवून लावते, त्यामुळे चित्र निळसर-हिरवट होतं. रंगांवरून पक्षी ओळखणाऱ्याला तिचा काय उपयोग? कमी किमतीतली झूम दुर्बीण आणि फोकस करायलाच न लागणारी दुर्बीण, या दोन्हीही घेऊ नयेत. झूममध्ये पट्टा अरुंद आणि चित्र मंद होतं, दुसरीत जवळचा पक्षी स्पष्ट होतच नाही.

दुर्बिणी दिसायला दोन प्रकारच्या असतात. एक जुन्या वळणाची, खांद्यासारखा बाक असलेली, जिची पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा दूर-दूर असतात. ती पोरो. इटलीच्या इग्नाझिओ पोरोने १८५४ मध्ये या प्रिझमरचनेचं पेटंट घेतलं, आणि १८९४ मध्ये जर्मनीतल्या झाइस कंपनीने तिच्यावर बेतलेली दुर्बीण बाजारात आणली. दुसरी सरळ दोन नळ्यांची, आटोपशीर. ती रूफ प्रिझमची. दुकानात हात दुसरीकडेच जातो, कारण ती सुबक आणि आधुनिक दिसते. पण पैसे मोजके असतील तेव्हा पोरोला हात घालावा, असं मी आग्रहाने सांगेन. पोरो प्रिझममध्ये प्रकाश काचेच्या आतल्या बाजूनेच पूर्ण परावर्तित होतो. त्यासाठी आरशासारखा वेगळा लेप लागत नाही. प्रचलित रूफ प्रिझममध्ये एका पृष्ठभागावर असा लेप द्यावाच लागतो. शिवाय त्यात प्रकाश दोन भागांत विभागून पुन्हा जुळतो, तेव्हा चित्राची धार बोथट होते. ती सावरण्यासाठी आणखी एक खास लेप लागतो, त्याला फेज कोटिंग म्हणतात. झाइसने तो १९८८ मध्ये आणला. हे सगळं नीट करायला पैसा लागतो आणि स्वस्त रूफ दुर्बिणीत नेमकं तेच वाचवलेलं असतं. म्हणूनच सात-आठ हजारांची पोरो चित्राच्या बाबतीत त्याच किमतीच्या बहुतेक रूफ दुर्बिणींना मागे टाकते.

पोरोच्या उणिवाही सांगायला हव्यात. ती जड असते. या किमतीत ती सहसा जलरोधक नसते, आणि चार-पाच मीटरच्या आतलं स्पष्ट दाखवत नाही. बागेतला ब्लू मॉरमॉन म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, किंवा चतुर असं काही जवळून पाहायचं असेल तर दोन-तीन मीटरवर फोकस होणारी रूफ दुर्बीणच घ्यावी लागेल. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यातही हिंडणाऱ्यांनी चित्रात थोडी तडजोड करून नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण घ्यावी. आत कोरडा वायू असल्यामुळे काचेवर आतून वाफ धरत नाही.

लेपांचा मुद्दा वर आला, तो थोडा उलगडून सांगतो, कारण स्वस्त आणि चांगल्या दुर्बिणीतला खरा फरक यातच आहे. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश मागे फिरतो. एका नळीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. दहाच धरले तरी एकतृतीयांश प्रकाश वाटेतच जातो, आणि त्यातला काही आतल्या आत उसळून चित्रावर पांढुरका पडदा धरतो. लेप हे रोखतो. खोक्यावर नुसतं 'कोटेड' असेल तर एखाद-दुसऱ्या पृष्ठभागावर एक थर दिलेला असतो. 'मल्टिकोटेड' म्हणजे काही पृष्ठभागांवर अनेक थर. 'फुली मल्टिकोटेड' म्हणजे हवेला लागणाऱ्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर, आणि हवं ते हेच. खोक्यावर विसंबायची गरज नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दुर्बीण धरून पुढच्या भिंगात पाहा. एकामागे एक नळ्यांची प्रतिबिंबं दिसतील. ती मंद हिरवी, जांभळी असतील तर लेप आहे. एखादं प्रतिबिंब ट्यूबसारखंच लख्ख पांढरं असेल तर तो पृष्ठभाग कोरा आहे.

प्रिझमची काचही पाहता येते. मघाची तेजस्वी चकती पुन्हा बघा. ती पूर्ण गोल आणि कडेपर्यंत उजळ असेल तर काच बहुधा बीएके-४ प्रतीची. कडा कापल्यासारखी, चौकोनाकडे झुकलेली आणि बाजूंना राखाडी दिसली तर बीके-७. पोरोमध्ये ही खूण विशेष स्पष्ट दिसते.

दुकानातून बाहेर रस्त्यावर या आणि दूरची विजेची तार शोधा. ही तार तीन गोष्टी सांगते. आधी तिच्यावर फोकस करा आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर तिच्या कडेला जांभळी किंवा हिरवी किनार किती दिसते ते पाहा. थोडी सगळ्यांत असते. ती कमी करणारी ईडी काच महाग आहे, दहा हजारांच्या आत तिचा हट्ट धरू नये. मग तार चित्राच्या मध्यातून कडेकडे न्या. कडेला थोडं पुसट होणं चालेल, पण मध्यापासून निम्म्यावरच पुसट होऊ लागलं तर दुर्बीण खाली ठेवा. शेवटी दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर मागे न्या, आणि दोन्ही काचांतली तार एकाच उंचीवर राहते का ते पाहा. एकीकडे वर, दुसरीकडे खाली असेल तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. अशा दुर्बिणीतून डोळा पाच मिनिटं ओढून-ताणून दोन्ही चित्रं जुळवतो आणि मग डोकं धरतं. 'दुर्बिणीने मला त्रास होतो' असं म्हणणाऱ्या अनेकांचा त्रास एवढाच असतो.

चष्मा असणाऱ्यांनी आणखी एक आकडा विचारावा: आय रिलीफ. डोळा काचेपासून किती दूर ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर म्हणजे आय रिलीफ. चष्म्यासकट पाहायचं तर पंधरा-सोळा मिलिमीटर तरी हवं आणि रबरी वाटी खाली दुमडता किंवा फिरवता यायला हवी. नुसता दूरचा नंबर असेल तर चष्मा काढून पाहता येतं, फोकसच्या चाकाने तो भरून निघतो. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा घालूनच पाहावं लागतं. मुलांसाठी आणि लहान चणीच्या माणसांसाठी दोन नळ्या किती जवळ येतात तेही तपासा. दोन डोळ्यांना मिळून एकच गोल चित्र दिसलं पाहिजे. ते जमत नसेल तर इतर सगळे गुण वाया.

नावं सांगायची तर पोरोमध्ये निकॉनची अॅक्युलॉन ए २११, ८ × ४२ ही या किमतीतली माझी पहिली पसंती. हजार मीटरवर १४० मीटरचा पट्टा, रंग खरे, मध्यभाग धारदार. तिचा आय रिलीफ बारा मिलिमीटर म्हणजे चष्मेवाल्यांना अपुरा, आणि वजन पाऊण किलो. ऑलिम्पसची ८ × ४० डीपीएस-१ तिच्याच जातकुळीतली आणि बहुधा थोडी स्वस्त. चष्मा असेल किंवा पावसात हिंडायचं असेल तर निकॉन प्रोस्टाफ पी ३, ८ × ४२ पाहावी. जलरोधक, आय रिलीफ वीस मिलिमीटरच्या आसपास, वजन साधारण साडेपाचशे ग्रॅम, फोकस तीन मीटरपासून. ती दहा हजारांची सीमा थोडी ओलांडते, पण या दोन गरजा असतील तर दोन महिने थांबून तीच घ्यावी. सेलेस्ट्रॉनची नेचर डीएक्सही याच वर्गात बघण्यासारखी. किमती सणासुदीच्या सवलतींप्रमाणे वरखाली होतात, म्हणून मॉडेल ठरवून ठेवावं आणि किमतीवर नजर ठेवावी. यापुढची ठळक सुधारणा दिसते ती पंचवीस-तीस हजारांच्या घरात, ईडी काच आणि नीट लेप दिलेल्या रूफ दुर्बिणींत. मधल्या पंधरा-अठरा हजारांच्या टप्प्यावर फार काही हाती लागत नाही.

जुन्या दुर्बिणींचाही एक मार्ग आहे. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात कधीकधी सोव्हिएत बनावटीच्या ८ × ३० किंवा पूर्व जर्मनीतल्या झाइस येनाच्या दुर्बिणी दिसतात. काच उत्तम असते. सोव्हिएत दुर्बिणींत चित्र किंचित पिवळसर दिसतं. पण इथे तारेची परीक्षा न चुकता करावी, आणि शिवाय मोठ्या बाजूने आत टॉर्च मारून पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले दिसले तर ती बुरशी. दुरुस्ती करणारे कारागीर आता कमी राहिलेत, आणि नळ्या पुन्हा एका रेषेत आणण्याचा खर्च दुर्बिणीच्या किमतीला भिडतो. पितळेच्या, चामडं लावलेल्या ऐटबाज दुर्बिणी शोभेच्या समजाव्यात.

'त्यापेक्षा जास्त झूमचा कॅमेरा घेतला तर?' असं अनेक जण विचारतात. फोटो हवा असेल तर जरूर घ्यावा, पण तो दुर्बिणीचं काम करत नाही. कॅमेऱ्यात पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. दोन्ही डोळ्यांनी, थेट प्रकाशात, शिंजीर फुलात चोच कशी वळवतो ते दहा मिनिटं पाहत राहणं पडद्यावर होत नाही.

दुर्बीण घरी आली की आधी ती स्वतःच्या डोळ्यांना जुळवून घ्यावी. कित्येक जण वर्षानुवर्षं हे करतच नाहीत. बहुतेक दुर्बिणींत उजव्या डोळ्याच्या काचेखाली एक फिरणारं कडं असतं. समोरच्या इमारतीवरची पाटी निवडा. उजवं भिंग पुढून हाताने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा, आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका, आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या कड्याने तीच अक्षरं स्पष्ट करा. कड्यावरची खूण लक्षात ठेवा किंवा तिथे बारीक टिकली लावा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. पक्षी शोधताना मान खाली घालून दुर्बीण पाहायची नाही. नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. गॅलरीतून दयाळ, बुलबुल, समोरच्या खांबावरची घार यांच्यावर आठवडाभर हा सराव केला की हात बसतो. सूर्याकडे मात्र कधीही रोखू नका. दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि मुलांच्या हाती देताना हे दर वेळी सांगावं.

सोबत मिळालेला अरुंद पट्टा मानेला काचतो. खांद्यांवरून पाठीवर जाणारा फुलीचा पट्टा काही शे रुपयांत मिळतो आणि पाऊण किलोचं वजन निम्मं वाटू लागतं. काच शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग चष्म्याच्या स्वच्छ कापडाने हलक्या हाताने पुसा. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात बुरशी ही दुर्बिणीची खरी वैरी. पावसाळ्यात दुर्बीण कापडी पिशवीत किंवा चामडी पेटीत कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या दमट झाल्या की बदला, आणि आठवड्यातून एकदा काढून वापरा.

ऑनलाइन मागवली असेल तर खोकं फोडल्यापासून परत करण्याच्या मुदतीपर्यंतचे दिवस तपासणीसाठीच आहेत असं समजा. पहिल्याच दिवशी पट्टी, ट्यूबलाइट आणि विजेची तार या तिन्ही परीक्षा करा, आणि एकदा तरी सूर्य मावळल्यानंतर अर्ध्या तासाने बाहेर पाहा. पॅकिंग, पावती आणि वॉरंटीचा कागद तोवर जपून ठेवा. जवळपास पक्षीनिरीक्षकांचा गट असेल तर त्यांच्या रविवारच्या फेरीला दुर्बीण घेऊन जा आणि दुसऱ्याच्या दुर्बिणीशेजारी धरून तोच पक्षी पाहा. दोन चित्रं मनातल्या मनात सरस-निरस ठरत नाहीत, एकापाठोपाठ एक पाहिली की लगेच कळतं. आपली फारच फिकी पडत असेल तर दुसऱ्याच दिवशी परत पाठवा.